दृढीकरणानंतर मुलं दिसेनाशी होतात, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेथडिस्ट पंथाच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांच्या आणि तरुणांच्या कामाची जबाबदारी नुकतीच तुमच्यावर आली आहे. संडे स्कूलला चौदा-पंधरा मुलं येतात, तरुण संघात आठ-नऊ जण आहेत. दृढीकरण, म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलाने आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, झालं की सहा महिन्यांत त्यातली बरीचशी येईनाशी होतात. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, नवी वाद्यं आणा, स्पर्धा घ्या, शिबिरं भरवा. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलं आहे.

मी हे काम २६ वर्षं करते आहे. पहिली सहा-सात वर्षं मीही कार्यक्रमच घेतले. गर्दी व्हायची, वार्षिक अहवालात आकडे भरायचे. मग एकदा जुनी हजेरीपुस्तकं काढून बसले आणि एकेका नावापुढे लिहीत गेले, हा आज कुठे आहे, ती कुठे आहे. जे टिकले होते त्यांची शिबिरांना हजेरी इतरांपेक्षा जास्त नव्हती. त्यांच्यात सारखी गोष्ट एकच सापडली. मंडळीत आईवडिलांखेरीज एखादं मोठं माणूस असं होतं, जे त्यांना नावाने हाक मारायचं, आजारपणात घरी जायचं, परीक्षेच्या आधी त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं. कुणाच्या बाबतीत त्या गायनमंडळातल्या बाई होत्या, कुणाच्या बाबतीत मंडळीचे खजिनदार. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत या नात्यांना कुठेच जागा नव्हती. ती आपोआप जुळली होती, आणि ज्यांची जुळली नाहीत ती मुलं गेली.

म्हणून माझं उत्तर असं आहे: दर आठवड्याला एक तास, प्रत्येक मूल नावानिशी ठाऊक, आणि हे वर्षानुवर्षं. वाद्यं आणि शिबिरं त्यानंतर.

ही माझी कल्पना नाही. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांनी प्रचारकांच्या परिषदांचं जे इतिवृत्त छापलं, त्यात उगवत्या पिढीसाठी काय करावं हा प्रश्न सरळ विचारलेला आहे. उत्तरही तितकंच सरळ आहे. जिथे दहा मुलं असतील तिथे आठवड्यातून निदान एक तास त्यांना भेटा, घरी गेलात की दर वेळी त्यांच्याशी बोला, त्यांच्यासाठी कळकळीने प्रार्थना करा. त्यावर कुणीतरी म्हणतं, मला याचं दान, म्हणजे देवाने दिलेली हातोटी, नाही. उत्तर येतं की दान असो वा नसो, हे तुम्हाला करायचंच आहे, नाहीतर मेथडिस्ट प्रचारक होण्याचं तुम्हाला पाचारणच नाही. नव्या शिक्षकाला मी हा उतारा पहिल्याच दिवशी वाचायला देते, कारण 'मला मुलांशी बोलता येत नाही' हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. बोलता येतं. सुरुवातीला जड जातं, एवढंच.

वेस्लींच्या मनात हे कुठून आलं असेल याचा विचार करताना मला त्यांची आई आठवते. सुझाना वेस्ली यांना १९ मुलं झाली आणि जवळजवळ निम्मी तान्हेपणीच गेली. १७०९ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या एपवर्थ गावातलं त्यांचं घर जळालं. पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला होता. एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला आणि त्याला खिडकीतून बाहेर काढलं. अग्नीतून ओढून काढलेलं कोलीत, हे जखऱ्याच्या पुस्तकातलं वचन जॉन पुढे आयुष्यभर स्वतःला लावत राहिले. त्यानंतर काही वर्षांत सुझाना यांनी एक क्रम लावून घेतला. आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलाची. जॉनची संध्याकाळ गुरुवारची होती. पुढे ऑक्सफर्डमध्ये शिकवत असतानाही त्यांना ती गुरुवारची संध्याकाळ आठवत होती, आणि तसं त्यांनी आईला लिहिलं. इतकं भरलेलं घर, पैशांची कायमची ओढाताण, आणि तरी प्रत्येक मुलाला आठवड्यातून एक वेळ अशी की आई फक्त त्याची. या एका गोष्टीवर मी अनेकदा थांबले आहे.

तर आता कामाला लागा. एक जाड वही घ्या. प्रत्येक मुलासाठी एक पान. नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, घरात कोण कोण आहे, शाळा कुठली, कशात रमतं, कशाला घाबरतं. पानाच्या शेवटी एक रकाना: तुम्ही आणि आईवडील सोडून मंडळीतली कोणती तीन मोठी माणसं या मुलाला नावाने ओळखतात? बहुतेक पानांवर हा रकाना कोरा राहील. तुमची गळती त्या कोऱ्या रकान्यातून होते आहे. मूल तुमच्या वर्गाशी बांधलेलं असतं, मंडळीशी बांधलेलं नसतं. वर्ग संपला की गाठ सुटते.

मेथडिस्ट मंडळींना हा रकाना भरण्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कारण आपल्याकडे पाळक बदलतात. नेमणुकीची ही पद्धत वेस्लींच्या काळापासून आहे आणि तिचे फायदे आहेत. पण तेरा वर्षांच्या मुलीने पाळकांवर जीव लावलेला असतो आणि अचानक त्यांची बदली होते. मुलांचं काम एकट्या पाळकांच्या उत्साहावर उभं असेल तर ते बदलीच्या पत्रासरशी कोसळतं. मी हे तीनदा पाहिलं आहे. फिरता प्रचारक पुढच्या गावी निघून गेल्यावरही माणसांची खबर घेणारं कुणीतरी तिथलं लागतं म्हणून तर क्लासचा, म्हणजे सभासदांच्या लहान गटाचा, पुढारी महत्त्वाचा होता. तो तिथेच राहणारा, साधा व्यवसाय करणारा माणूस असे.

दृढीकरणाबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण तुमचं दुखणं तिथे आहे.

आपण तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतो. मूल काही कळण्याआधीच देवाची कृपा त्याच्या दाराशी येऊन उभी असते, असा आपला विश्वास आहे. वेस्लींच्या शिकवणीत हिला पूर्वगामी कृपा म्हणतात, माणसाच्या पावलाआधी चालणारी कृपा. त्या दिवशी वचन फक्त आईबाप देत नाहीत. या मुलाला विश्वासात वाढवू असं सगळी मंडळी उभी राहून म्हणते. दृढीकरण म्हणजे त्या मुलाने स्वतःच्या तोंडाने दिलेला होकार. पण आपण त्याची पदवीदान समारंभासारखी गत करून टाकली आहे. काही आठवडे वर्ग, विश्वासांगीकार आणि दहा आज्ञा पाठ, नवे कपडे, प्रमाणपत्र, फोटो. मुलाला काय कळतं? अभ्यासक्रम पूर्ण झाला. आणि अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर शाळेत कोण जातं?

मी चार गोष्टी बदलल्या. पहिली, तयारीचा काळ लांबवला, निदान नऊ महिने. दुसरी, प्रत्येक उमेदवाराला मंडळीतला एक मोठा साथी दिला, नात्यातला नसलेला. साथीचं काम शिकवायचं नाही. उपासनेत महिन्यातून एकदा शेजारी बसायचं, वाढदिवस लक्षात ठेवायचा, 'या आठवड्यात तुझ्यासाठी काय मागू?' असं विचारायचं, आणि दृढीकरणानंतर पुढची दोन वर्षं हे चालू ठेवायचं. साथी निवडताना बोलक्या माणसांच्या मागे लागू नका. माझ्या अनुभवात शांत, वेळ पाळणारी माणसं उत्तम साथी होतात. तिसरी, विधीच्या आधीच प्रत्येकाच्या हाती मंडळीतलं एक खरं काम दिलं, आणि ते काम विधीनंतरही त्याचंच राहिलं. चौथी गोष्ट सगळ्यात अवघड गेली: वयाप्रमाणे सगळ्यांची एकदम तुकडी उभी करणं बंद केलं. विधीच्या आधी प्रत्येकाला एकेकट्याने विचारते, तुला हे म्हणायचं आहे का? 'अजून नाही' हे उत्तर इथे चालतं, हे आधीच सांगून ठेवते.

एका मुलाने 'अजून नाही' म्हटलं तेव्हा त्याच्या घरचे माझ्यावर नाराज झाले. नवे कपडे शिवून झाले होते, पाहुण्यांना बोलावणी गेली होती. पाळक माझ्या पाठीशी उभे राहिले म्हणून ते निभावलं. तो मुलगा आता २४ वर्षांचा आहे. त्याने अजूनही दृढीकरण घेतलेलं नाही. पण दर महिन्याला तो मंडळीतल्या दोन अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना भेटायला जातो, त्यांना वचन वाचून दाखवतो, आणि कधीमधी माझ्याकडे येऊन आपल्या शंका मांडतो. त्याला मी मंडळीबाहेरचा मानत नाही. त्या दिवशी त्याच्याकडून होकार वदवून घेतला असता तर तो आज आला असता का, याचा विचार मी बऱ्याचदा करते.

दृढीकरणाच्या तीन महिने आधी सुरू होणारी आणि नंतर कधीच न संपणारी गोष्ट म्हणजे क्लास मीटिंग, त्या लहान गटाची आठवड्याची बैठक. आपल्या परंपरेतलं हे सगळ्यात मोलाचं देणं आपण जवळजवळ विसरलो आहोत. १७४२ मध्ये ब्रिस्टल इथल्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. दर आठवड्याला प्रत्येकाने एक पेनी द्यावी असं ठरलं. एकाने सुचवलं की बारा-बारा जणांचे गट करू, एकेक पुढारी नेमू, तो घरोघर जाऊन पेनी गोळा करील आणि ज्याला देणं झेपत नाही त्याची पेनी स्वतः भरील. पुढारी दारोदार जाऊ लागले तेव्हा त्यांना माणसं दिसली. कोण आजारी आहे, कोण दारूत बुडालं आहे, कुणाच्या घरात भांडण आहे. वेस्लींच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. पुढे हे गट एकत्र बसू लागले, आणि कर्जफेडीच्या निमित्ताने सुरू झालेली व्यवस्था मेथडिस्ट चळवळीचा कणा झाली.

तरुणांसाठी मी ती अशी चालवते. एका गटात सहा ते आठ जण, वयात तीनेक वर्षांपेक्षा जास्त अंतर नको. दोन मोठी माणसं. ठरलेला वार, ठरलेली वेळ, एक तास, आणि तास संपला की खरोखर थांबायचं. सुरुवातीला एक स्तोत्र वाचायचं. मग एकच प्रश्न सगळ्यांना, आळीपाळीने: या आठवड्यात तुझ्या जिवाचं कसं चाललं आहे? जुन्या क्लासमधला प्रश्न हाच होता. पहिले दोन महिने सगळे 'बरं चाललंय' म्हणतील. घाबरू नका. पुढाऱ्याने आधी स्वतःचं खरं उत्तर द्यावं, छोटं आणि प्रामाणिक. मी एकदा म्हटलं होतं, 'या आठवड्यात मी प्रार्थनेला बसलेच नाही, कारण मी बहिणीवर रागावले होते आणि तो राग मला सोडायचा नव्हता.' त्यानंतर जी शांतता पसरली ती मोडायची घाई मी केली नाही. मग एक मुलगी बोलली. पुढच्या आठवड्यात आणखी दोघं. शेवटी दहा मिनिटं एकमेकांसाठी प्रार्थना, नाव घेऊन. ज्याला मोठ्याने करायची नाही त्याने मनात करावी.

एक सावधगिरी इथे महत्त्वाची आहे. वेस्लींच्या काळात क्लासखेरीज 'बँड' नावाचे लहान, अधिक जवळिकीचे गटही होते. तिथले प्रश्न कडक असत: मागच्या भेटीपासून तू कोणती पापं केलीस, कोणत्या मोहांना तोंड दिलंस. काही उत्साही पुढारी हे प्रश्न तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या गटात आणतात. असं करू नका. ते प्रश्न स्वेच्छेने जमलेल्या प्रौढांसाठी होते. मोठ्या माणसाने लहान वयाच्या मुलाकडून पापांची कबुली काढून घेणं हा सत्तेचा गैरवापर ठरू शकतो, हेतू कितीही चांगला असला तरी.

गटात जे बोललं जातं ते गटातच राहतं. पण याला एक मर्यादा पहिल्याच दिवशी सांगायची: तुला कुणी इजा करत असेल, किंवा तू स्वतःला वा दुसऱ्याला इजा करशील अशी भीती असेल, तर मी ते स्वतःपाशी ठेवणार नाही, मदत करू शकणाऱ्या माणसापर्यंत नेईन. ही अट ऐकूनही मुलं बोलतात. काही जण तर ती ऐकल्यामुळेच बोलतात.

यातूनच सुरक्षेकडे येते. इथे मी कुणाचंही मन राखत नाही. कोणत्याही मुलाबरोबर कधीही एकटं मोठं माणूस नको. दोन हवीत, आणि ती एकाच घरातली नकोत. खोलीच्या दाराला काच असावी किंवा दार उघडं असावं. मदतनीस तरुण असेल तर गटातल्या सगळ्यात मोठ्या मुलापेक्षा निदान पाच वर्षांनी मोठा असावा. मंडळीत नवीन आलेल्या माणसाला पहिले सहा महिने मुलांचं काम देऊ नये, आणि त्यानंतरही पूर्वीच्या ठिकाणी चौकशी करून, कायद्याने उपलब्ध असलेली पडताळणी करूनच द्यावं. फोनवर मुलाशी खाजगी गप्पा नकोत. निरोप गटात टाकावेत, त्या गटात दुसरं मोठं माणूस असावं. मुलांना ने-आण करताना गाडीत दोन मोठी माणसं. लहान मुलांना घरी सोडताना कुणाच्या ताब्यात दिलं याची सही. युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९९६ मध्ये आपल्या जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे सर्वोच्च सभेत, मुलांवरील अत्याचार रोखण्यासाठी ठराव केला आणि त्यातून असे नियम बऱ्याच मंडळ्यांत रुजले. तुमच्या मंडळीत लेखी धोरण नसेल तर ते कार्यकारी समितीकडून मंजूर करून घ्या, तोंडी समजुतीवर राहू नका.

आणि एखाद्या मुलाने काही सांगितलं तर? ऐका. विश्वास ठेवा. 'तू सांगितलंस हे बरं केलंस' एवढं म्हणा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. खोदून खोदून विचारू नका, स्वतः तपास करू नका, ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याशी बोलायला जाऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि कायदा ज्यांना कळवायला सांगतो त्यांना कळवा. मंडळीची बदनामी होईल, आधी आपापसात पाहू, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. एका मान्यवर सभासदांना दोन माणसांचा नियम अपमानास्पद वाटला होता. इतक्या वर्षांची सेवा आणि माझ्यावर पहारा, असं ते म्हणाले. आम्ही त्यांना शांतपणे सांगितलं की मग मुलांचं काम करता येणार नाही. ते रागावून गेले, त्यांच्याबरोबर दोन कुटुंबं गेली. आजही मी तेच करीन.

मग सुझाना वेस्लींची ती एकेका मुलाची संध्याकाळ कशी साधायची, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मी एक साधा तोडगा वापरते: सगळ्यांच्या नजरेत, पण कुणाच्या कानावर न पडेल अशा जागी. गायनमंडळाचा सराव चालू असताना उपासनामंदिराच्या मागच्या बाकावर मी एकेकाशी वीस मिनिटं बसते. सगळ्यांना आम्ही दिसतो, आवाज कुणाला जात नाही. माझ्या वहीतली बरीचशी पानं त्या मागच्या बाकावर भरली आहेत.

लहान मुलांचं थोडं वेगळं. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये ग्लॉस्टरला संडे स्कूल सुरू केलं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या अकरा वर्षं आधी, १७६९ मध्ये, हॅना बॉल या मेथडिस्ट बाईंनी हाय विकम इथे मुलांना जमवायला सुरुवात केली होती. मुलं रविवारी आणि सोमवारी जमतात, अगदी रानभरी आहेत, पण शिकायला तयार दिसतात, असं त्यांनी वेस्लींना कळवलं. हे मला फार धीर देऊन जातं. तुमची चौदा मुलं गोंगाट करतात म्हणून तुमचं काही चुकतं आहे असं समजू नका.

त्यांना गोष्ट सांगा, आणि गोष्ट संपली की थांबा. 'म्हणून मुलांनो, आपण काय शिकलो?' हा प्रश्न गोष्टीला मारून टाकतो. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कयाची गोष्ट सांगून झाल्यावर मी विचारते, 'तुम्ही त्या गर्दीत असता तर कुठे उभे असता?' एकदा सात वर्षांची मुलगी म्हणाली, 'मी झाडाखाली. तो पडला तर?' तिने त्या माणसाची काळजी केली. येशूने जे केलं त्याच्या किती जवळ पोहोचली ती! माझ्या तात्पर्याने ती तिथे पोहोचली नसती. वचनांचं पाठांतर जरूर करून घ्या, म्हातारपणी बाकी सगळं विसरलेली माणसं ती वचनं म्हणताना मी पाहिली आहेत. फक्त त्यावर बक्षिसं लावू नका. ज्याला पाठ होत नाही ते मूल देवाच्या वचनापाशी दर आठवड्याला हरायला शिकतं.

गीतांच्या बाबतीत वेस्ली बंधूंचं एक मत मी धरून आहे. जॉन यांचे धाकटे भाऊ चार्ल्स यांनी १७६३ मध्ये मुलांसाठी भजनांचा संग्रह काढला. त्याच्या १७९० च्या आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत जॉन म्हणतात की मुलांसाठी लिहिण्याच्या दोन रीती आहेत: आपण त्यांच्यापर्यंत खाली उतरायचं, किंवा त्यांना आपल्यापर्यंत वर उचलायचं. चार्ल्स यांनी दुसरी रीत निवडली. कृतीची, टाळ्यांची गीतं हवीतच. पण मंडळी जी गीतं गाते तीही मुलांना यायला हवीत, नाहीतर ती मुख्य उपासनेत परक्यासारखी बसतील. त्यांना दर रविवारी वेगळ्या खोलीत पाठवू नका. निदान प्रभुभोजनाच्या दिवशी ती मोठ्यांबरोबर असू द्या. मोठ्यांना गुडघे टेकताना त्यांनी पाहायला हवं.

पण वेस्लींचं सगळंच उचलू नका, हेही सांगते. १७४८ मध्ये त्यांनी किंग्जवुडला शाळा काढली. मुलांना पहाटे चारला उठवायचं, आणि खेळाला वेळ म्हणून मुळीच द्यायचा नाही, असा तिथला नियम होता. तिथले नियम नीट पाळले जात नाहीत याची तक्रार पुढे त्यांनाच करावी लागली. मुलं खेळणारच. खेळ हा तुमच्या तासाचा भाग धरा, बक्षीस म्हणून शेवटी टांगून ठेवू नका.

किशोरवयातल्या शंकांना भिऊ नका. 'देव असेल तर माझी आई का गेली?' असं विचारणाऱ्या मुलाला घाईने उत्तर देणं ही निर्दयता आहे. त्याच्याजवळ बसा. बाकीच्या प्रश्नांसाठी, विज्ञानाबद्दल असो वा इतर धर्मांबद्दल, आपल्याकडे चांगलं साधन आहे: पवित्र शास्त्र आधी, आणि ते समजून घेताना मंडळीची परंपरा, विवेकबुद्धी आणि अनुभव. मुलांना या चौघांशी बोलायला शिकवा. आणि त्यांना सांगा की जॉन वेस्ली १७२८ मध्ये याजक झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, २४ मे १७३८ च्या संध्याकाळी, लंडनमधल्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेला ते मनाविरुद्धच गेले, आणि तिथे त्यांचं अंतःकरण विलक्षण उबदार झालं. तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. सोळाव्या वर्षी खात्री वाटत नाही म्हणून कुणी अविश्वासू ठरत नाही.

तरुणांना खरं काम द्या, असं वर म्हटलं. खुर्च्या उचलणं हे खरं काम नाही. ते करावंच, पण सगळ्यांनी. मेथडिस्ट चळवळ ऑक्सफर्डमधल्या मूठभर विद्यार्थ्यांपासून सुरू झाली. १७२९ मध्ये चार्ल्स वेस्ली २१ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ही मंडळी कैद्यांना भेटायला तुरुंगात जाऊ लागली. मेथडिस्ट प्रचारक फ्रान्सिस ॲस्बरी १७७१ मध्ये अमेरिकेला निघाले तेव्हा २६ वर्षांचे होते. आणि आपण २५ वर्षांच्या माणसाला 'उद्याची मंडळी' म्हणतो! तुमच्या आठ-नऊ जणांपैकी दोघांना कार्यकारी समितीत मतासह जागा मागा. त्यांना हिशेब दाखवा. शास्त्रवाचन त्यांना आठवडाभर आधी द्या म्हणजे तयारीने वाचतील. आजाऱ्यांच्या भेटीला बरोबर न्या. दयेची कृत्यं हीदेखील कृपेची साधनं आहेत असं वेस्ली शिकवत. आजाऱ्याच्या खाटेपाशी बसल्यावर बदलतो तो बसणारा, हे मी माझ्या तरुणांत पाहिलं आहे.

पालकांबद्दल थोडक्यात. वर्षातून दोनदा एकेका घरी जा, तक्रार न घेता. आठवड्यात दहा मिनिटं एकत्र वचन वाचा, एवढंच मागा. फार मागितलं की काहीच होत नाही.

वाद्यं, शिबिरं, स्पर्धा यांना माझा विरोध नाही. १८८९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला मेथडिस्ट तरुणांच्या पाच संघटना एकत्र येऊन एपवर्थ लीग ही एक संघटना झाली. तरुण एकत्र यावेत, हसावेत, प्रवास करावा हे मेथडिस्टांना फार आधीपासून ठाऊक आहे. वर्षातून एक शिबिर पुरे. फक्त शिबिराहून परतल्यावर बरोबर सातव्या दिवशी क्लासचा तास झालाच पाहिजे. शिबिरातली आच घेऊन मूल घरी येतं आणि पुढचे तीन आठवडे त्याला कुणी विचारत नाही, यासारखं नुकसान नाही.

आता क्रम सांगते. पहिल्या महिन्यात फक्त वही भरा, कोणताही नवा उपक्रम जाहीर करू नका. दुसऱ्या महिन्यात सुरक्षेचं धोरण समितीपुढे ठेवा. तिसऱ्या महिन्यात वहीतले कोरे रकाने घेऊन पाळकांबरोबर बसा आणि साथी म्हणून कुणाला विचारायचं याची नावं काढा. त्यांना एकेकट्याने भेटा, उपासनेत व्यासपीठावरून आवाहन करू नका. आवाहनाला नको ती माणसं आधी उभी राहतात. चौथ्या महिन्यात एकच क्लास सुरू करा, सहा जणांचा, आणि त्यात तुमच्याबरोबर बसायला असा एक माणूस घ्या ज्याला वर्षभराने स्वतःचा क्लास चालवता येईल. गेल्या दोन-तीन वर्षांत दृढीकरण होऊन जी मुलं दिसेनाशी झाली, त्यांचीही पानं वहीत करा. त्यांना निमंत्रणपत्रिका पाठवू नका. दुसरं मोठं माणूस शेजारी असताना फोन करा, नाव घ्या, आणि इतकंच विचारा: कसं चाललंय तुझं?